सिम्युलेशनमधला ब्रॅग पीक मोजलेल्या ग्राफशी जुळत नाहीये? एनर्जीला हात लावायच्या आधी हे बघा

प्रोटॉन बीमचं सिम्युलेशन करायला घेतलं की हे दुखणं पाचवीला पुजल्यासारखं येतंच. पाण्याच्या टाकीत खोलीप्रमाणे मोजलेला डोसचा ग्राफ एका बाजूला, टोपास नाहीतर गेट नाहीतर सरळ जिअँट-४ या सिम्युलेशनच्या प्रोग्राममधून काढलेला दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकावर एक ठेवले की आकार अगदी सारखा दिसतो पण पीक (ब्रॅग पीक, म्हणजे प्रोटॉन थांबतात तिथला डोसचा उंचवटा) मात्र एखाद-दोन मिलिमीटर अलीकडे नाहीतर पलीकडे. मग बहुतेक जण जे करतात तेच मीही पहिल्यांदा केलं, १५० च्या जागी १५१ एमईव्ही (मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट, एनर्जीचं माप) टाकलं, पीक जाऊन बरोबर बसला आणि मी पुढच्या एनर्जीकडे वळले. तीन आठवड्यांनी ते सगळं मॉडेल टाकून द्यावं लागलं.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला जास्त वेळा विचारला जातो. २०१९ ला चेन्नईत आणि २०२३ ला खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या केंद्रात प्रोटॉनने कॅन्सरवर उपचार सुरू झाले, त्यामुळे मेडिकल फिजिक्सची आपली बरीच मुलं-मुली आता या विषयाकडे वळतायत, प्रोजेक्टला मॉंटे कार्लो (रँडम आकडे वापरून एकेका कणाचा प्रवास काढायची सिम्युलेशनची पद्धत) घेतात, आणि महिन्याभरात फोन येतो, "मॅडम, १५० ला जुळवलं की २०० ला बिघडतंय." म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हे समजून घ्या की दोन मिलिमीटरला एवढं महत्त्व का. नेहमीच्या एक्स-रे बीममधे खोली दोन मिलिमीटर चुकली तर तिथला डोस टक्काभर हलतो. प्रोटॉनचं तसं नाही, तो एका ठरावीक खोलीला थांबतो आणि थांबायच्या जागी, १५० एमईव्हीला धरलं तर, तीनेक मिलिमीटरमधे डोस ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येतो. त्याच्या या थांबण्यासाठीच तर आपण तो वापरतो, १९४६ मधे रॉबर्ट विल्सन यांनी प्रोटॉन उपचारासाठी वापरा म्हणून सुचवलं तेही याच गुणासाठी. लहान मुलाच्या मेंदूतल्या गाठीमागे कधी ब्रेनस्टेम (श्वास आणि हृदय चालवणारा मेंदूचा भाग) असतो, तिथे तुमच्या मॉडेलमधले ते दोन मिलिमीटर नुसते कागदावर राहत नाहीत. उपचाराच्या प्लॅनिंगमधे रेंजच्या (प्रोटॉन थांबतो त्या खोलीच्या) ३.५ टक्के अधिक एक ते तीन मिलिमीटर अशी मार्जिन बऱ्याच ठिकाणी धरतात हे खरं, पण ती सीटीवरून येणाऱ्या चुकीसाठी आणि पेशंटच्या शरीरातल्या अनिश्चिततेसाठी आहे, आपल्या फाइलमधल्या गफलतीने ती खाऊन टाकायची नाही.

आता मुद्द्याचं. एका एनर्जीवर फरक बघून काहीही निदान होत नाही. किमान पाच एनर्जी घ्या, ७०, १००, १५०, २००, २३० अशा, प्रत्येकीला मोजलेली रेंज आणि सिम्युलेशनमधली रेंज यातला फरक काढा आणि तो रेंजच्या समोर मांडा. मग एकच गोष्ट बघा, फरक सगळीकडे तेवढाच मिलिमीटर आहे की रेंजबरोबर वाढतोय? सगळीकडे सारखा असेल तर तुमची जॉमेट्री चुकली आहे, कुठेतरी काहीतरी जास्त किंवा कमी जाडीचं पडलंय किंवा शून्य भलतीकडे आहे. टक्क्यात सारखा असेल, म्हणजे जेवढी रेंज मोठी तेवढा फरक मोठा, तर मटेरियल किंवा एनर्जी चुकली आहे. दोन्ही मिसळलेलं असेल तर सरळ रेष काढा, रेष शून्य रेंजला जिथे कापते तो जॉमेट्रीचा भाग आणि तिचा उतार हा मटेरियलचा भाग. एवढं केलं तरी निम्मं काम झालं. हे न करता एनर्जी हलवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण ही चूक मी नंतर तीन वेगवेगळ्या मुलांच्या फाइलमधे जशीच्या तशी बघितली. माझा पीक सगळीकडे अलीकडे येत होता, ७० एमईव्हीला अर्ध्या मिलिमीटरच्या आत म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं, १५० ला पावणेदोनच्या आसपास, आणि २३० ला साडेतीनच्या जवळ. रेंजने भागून बघितलं तर सगळीकडे साधारण एक टक्का. म्हणजे जॉमेट्री ठीक, मटेरियल बघा. मटेरियल काय होतं तर पाणी! पाण्यात काय चुकणार, घनता १, हायड्रोजन दोन ऑक्सिजन एक, असं म्हणून मी ते सोडून बाकी सगळं तपासत बसले होते, आणि खरी गोम तिथेच होती.

झालं होतं असं की मी एका जुन्या उदाहरणातून पाण्याची व्याख्या उचलली होती ज्यात पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडून हाताने बनवलं होतं. तसं बनवलं आणि वेगळं काही सांगितलं नाही तर प्रोग्राम त्याची सरासरी एक्सायटेशन एनर्जी, ज्याला आपण आय व्हॅल्यू म्हणतो, ती सुट्या मूलद्रव्यांवरून काढतो. हायड्रोजनची १९.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऑक्सिजनची ९५, पाण्यातले दहापैकी दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजनचे आणि आठ ऑक्सिजनचे, लॉगरिदम घेऊन सरासरी काढली की येतात ६९. खऱ्या पाण्यात इलेक्ट्रॉन बाँडमधे जखडलेले असतात, त्यामुळे तो आकडा वर असतो, आयसीआरयू या किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ४९ नंबरच्या रिपोर्टात ७५ धरलाय आणि नंतरच्या ९० नंबरच्या रिपोर्टात ७८. आय व्हॅल्यू कमी म्हणजे प्रोटॉन जास्त वेगाने एनर्जी गमावतो आणि लवकर थांबतो. ६९ आणि ७५ मधला फरक रेंजमधे बरोबर साधारण एक टक्का देतो, ६९ आणि ७८ मधला दीड टक्क्याच्या आसपास. माझा एक टक्का तिथून आला होता, कारण एनर्जी मी निस्ट या अमेरिकन संस्थेच्या पीस्टार या प्रोटॉन रेंजच्या टेबलवरून घेतली होती आणि ते टेबल ७५ वर आधारलेलं आहे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. रन सुरू होताना मटेरियल टेबल प्रिंट करा, पाण्याच्या ओळीत आय-मीन म्हणून आकडा येतो तो वाचा. ६९ च्या आसपास दिसला तर ते पाणी काढून टाका आणि लायब्ररीतलं तयार जी-फोर-वॉटर वापरा, नव्या व्हर्जनमधे त्याची किंमत ७८ आहे. फक्त एक लक्षात ठेवा, आता तुमच्या सिम्युलेशनमधे ७८ आणि टेबलमधे ७५, त्यामुळे टेबलवरून एनर्जी घेतली तर पीक साधारण अर्धा टक्का पलीकडे जाईल, १५० एमईव्हीला पाऊण मिलिमीटरच्या वर. ही चूक नाही, दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. कुणी तुम्हाला "आमच्याकडे १५० ला एवढी रेंज येते" म्हणून सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारा की तुमच्या पाण्याची आय व्हॅल्यू किती.

पाण्याचं जसं तसंच अकरिलिकचं आणि रेंज शिफ्टरच्या (रेंज कमी करायला बीमसमोर ठेवतात त्या पट्टीच्या) प्लास्टिकचं, तेही हाताने बनवलेलं असेल तर तपासा, त्यात घनताही बघा. कॅटलॉगमधली घनता आणि प्रत्यक्ष तुमच्या पट्टीची घनता यात एक टक्का फरक असला तरी पाच सेंटिमीटरच्या पट्टीला अर्धा मिलिमीटर जातो, आणि वजन करून माप घ्यायला काही अवघड नाही.

आता दुसरा प्रकार, सगळ्या एनर्जीला सारखाच फरक. यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट म्हणजे बिन, डोस मोजायला खोलीचे पाडलेले कप्पे. तुम्ही १ मिलिमीटरचे बिन ठेवले, आउटपुट फाइलमधे बिनचा नंबर येतो ०, १, २ असा, आणि तुम्ही तोच नंबर खोली म्हणून ग्राफवर टाकला. पण ० नंबरच्या बिनमधला डोस हा ० ते १ मिलिमीटरची सरासरी आहे, त्याची जागा अर्धा मिलिमीटर आहे. झाला सगळीकडे अर्धा मिलिमीटरचा फरक. स्प्रेडशीट १ पासून मोजते म्हणून कुणी नंबर १ पासून धरला तर तोच अर्धा मिलिमीटर उलट्या बाजूला.

त्यानंतर हाफ-लेंग्थ. जिअँट-४ आणि त्याच्यावर बांधलेल्या टोपासमधे डब्याची लांबी अर्धी द्यायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चुकतं. मोठ्या टाकीला चुकलं तर लगेच दिसतं, पीक २० सेंटिमीटरने हलतो आणि माणूस दचकतो. या चुकीचा खरा त्रास होतो तो पातळ गोष्टींमधे, नोझलमधल्या (बीम बाहेर पडतो त्या मशीनच्या तोंडातल्या) मॉनिटर चेंबरचे पातळ थर, व्हॅक्यूमची खिडकी, यांची पूर्ण जाडी अर्धीच्या जागी टाकली तर ती दुप्पट होते आणि पीक सगळीकडे सारखाच मिलिमीटरभर अलीकडे येतो. आणि टाकीची जाडी बदलली पण तिचं केंद्र हलवलं नाही तर पुढचा पृष्ठभाग सरकतो, म्हणून मी आता केंद्राची जागा हाताने लिहितच नाही, जाडीवरून सूत्राने काढते.

हवा विसरू नका. नोझलपासून टाकीपर्यंत ५० सेंटिमीटर हवा म्हणजे पाण्याच्या हिशोबात साधारण अर्धा मिलिमीटर. कुणी सोर्स नोझलच्या तोंडाशी ठेवतं, कुणी आयसोसेंटरच्या (मशीनच्या ठरलेल्या केंद्रबिंदूच्या, जिथे पेशंटची गाठ आणतात) अगदी जवळ, कुणी बाहेरचं जग व्हॅक्यूम ठेवतं कारण लवकर चालतं, या सगळ्यात हा अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो. आणि मोजणीच्या बाजूनेही बघा, टाकीला पुढून बीम जात असेल तर भिंतीची पाण्याच्या हिशोबातली जाडी मिळवली का, डोस मोजणाऱ्या चेंबरच्या खिडकीची मिळवली का. रुंद प्लेनपॅरलल (सपाट, समांतर तबकड्यांच्या) चेंबरपैकी काहींची खिडकीच पाण्याच्या हिशोबात ४ मिलिमीटर असते, ती कुणी सॉफ्टवेअरमधे आधीच धरलेली असते आणि आपण परत मिळवतो, किंवा उलट. मोजणी करणाऱ्याला विचारल्याशिवाय हे कळत नाही, फाइलमधे दिसत नाही, म्हणून विचाराच.

रेंज म्हणजे नक्की काय हेही एकदा ठरवून घ्या. पीकच्या पलीकडच्या उतारावर डोस ८० टक्के होतो ती खोली आर८०, ९० टक्के होतो ती आर९०. मशीनच्या कागदावर कधी हे कधी ते लिहिलेलं असतं, आणि दोन्हीत अर्धा ते एक मिलिमीटर अंतर सहज असतं, मोठ्या एनर्जीला जास्त. सिम्युलेशन जुळवायला आर८० च घ्या. कारण बीममधे एनर्जीचा पसारा कमीजास्त झाला तरी आर८० जवळजवळ हलत नाही, ती सरासरी एनर्जीशी बांधलेली असते. आर९० आणि खुद्द पीकची जागा ही पसाऱ्याबरोबर हलते, मग तुम्ही पसारा बदलला की रेंज बिघडते, रेंज सुधारली की पसारा चुकीचा वाटतो, आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. मी फिरले आहे.

रेंज जुळली पण पीकची रुंदी जुळत नाही, असं असेल तर पुढे वाचा. इथेही लहान आणि मोठ्या एनर्जीला वेगळं बघायचं. प्रोटॉन पाण्यातून जाताना सगळे एकाच ठिकाणी थांबत नाहीत, थोडे पुढेमागे होतात, हा पसारा साधारण रेंजच्या एक टक्क्याच्या आसपास असतो आणि तो पाण्याचा स्वभाव आहे, मशीनचा नाही. २३० एमईव्हीला रेंज ३३ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन मिलिमीटर पसारा पाणीच देतं, तिथे बीमचा स्वतःचा एनर्जी स्प्रेड (एनर्जीचा पसारा) फारसा दिसतच नाही. ७० एमईव्हीला रेंज ४ सेंटिमीटर, पाण्याचा पसारा अर्ध्या मिलिमीटरच्या आत, आणि सायक्लोट्रॉनच्या (प्रोटॉनला वेग देणाऱ्या यंत्राच्या) बीमला तिथे एक टक्का स्प्रेड असेल तर तो एकटाच पाऊण मिलिमीटर होतो. म्हणून स्प्रेड ठरवायला सुरुवात खालून करा, ७० पासून. आणि २३० ला रुंदी जुळत नसेल तर स्प्रेड वाढवत बसू नका, तिथे दुसरं काहीतरी आहे, बिन जाड आहेत, स्टेप मोठी आहे, किंवा फिजिक्स लिस्ट (प्रोग्रामने कुठली भौतिक मॉडेलं वापरायची त्याची यादी) भलतीच लागली आहे.

स्टेप आणि कट बद्दल थोडक्यात. स्टेप म्हणजे प्रोग्राम कणाला एका वेळी पुढे नेतो ते अंतर, आणि कट म्हणजे ज्याच्यापेक्षा कमी अंतर जाणारे दुय्यम कण तो वेगळे काढत नाही ती मर्यादा. जिअँट-४ चा ठरलेला कट ०.७ मिलिमीटरचा असतो, त्याच्यापेक्षा पातळ बिन ठेवून बारीक तपशील बघायचा असेल तर टाकीपुरता कट कमी करा आणि स्टेप बिनच्या जाडीपेक्षा मोठी होऊ देऊ नका. इलेक्ट्रोमॅग्नेटिक फिजिक्ससाठी ऑप्शन ४ घ्या, टोपासमधे तो आपोआप असतो, सरळ जिअँट-४ किंवा गेटमधे काम करणाऱ्यांनी स्वतः बघायचं. वेळ जास्त लागतो पण या कामाला तो द्यायचाच.

एनर्जी स्प्रेडच्या आकड्यात मात्र मोठा घोळ होतो, तो नीट सांगते. टोपासमधे बीम एनर्जी स्प्रेड टक्क्यात द्यायचा असतो आणि तो सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन) असतो. गेटमधे सिग्मा एमईव्हीमधे. फ्लूका या आणखी एका प्रोग्राममधे बीम कार्डवर जो स्प्रेड येतो तो मोमेंटमचा (संवेगाचा), आणि गॉसियन (घंटेच्या आकाराचा) हवा असेल तर आकडा ऋण लिहायचा आणि तो निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी असते, सिग्मा नाही. आता कुणी तुम्हाला सांगितलं की मोमेंटम स्प्रेड ०.५ टक्के, पूर्ण रुंदी, १५० एमईव्हीला, तर टोपासमधे ०.५ लिहून चालणार नाही. या एनर्जीला मोमेंटमच्या टक्क्याला १.८६ ने गुणलं की एनर्जीचे टक्के येतात, म्हणजे ०.९३, ही पूर्ण रुंदी, तिला २.३५५ ने भागा, म्हणजे ०.३९५ टक्के, हे टोपासला द्या. गेटला द्यायचे ०.५९ एमईव्ही. मी हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय आणि दर वेळी तिथेच बघते, आठवणीवर करत नाही.

रेंज जुळली, रुंदी जुळली, पण पीकच्या मानाने सुरुवातीचा सपाट भाग वर किंवा खाली येतोय, असं दिसलं की लोक आधी न्यूक्लियर मॉडेलवर संशय घेतात. आधी चेंबरचा व्यास बघा. दर सेंटिमीटरला साधारण एक टक्का प्रोटॉन न्यूक्लियसला धडकून बीममधून बाहेर जातात आणि त्यांच्यातून निघालेले कण लांब बाजूला पसरतात. ८ सेंटिमीटर व्यासाचा चेंबर हे बाहेर गेलेले सगळे कण धरत नाही, मधल्या खोलीत मोठ्या एनर्जीला काही टक्के डोस त्याच्या बाहेर राहतो. तुम्ही सिम्युलेशनमधे पूर्ण रुंद टाकीत डोस गोळा केलात तर तो सगळाच तुमच्याकडे येतो आणि ग्राफ जुळत नाही. उपाय सोपा, सिम्युलेशनमधेही चेंबरएवढ्याच व्यासाच्या गोल चकत्यांमधे डोस मोजा, तो जुळवा, आणि मग प्लॅनिंग सिस्टिमला द्यायचा ग्राफ रुंद टाकीतून काढा.

स्पॉटच्या (बारीक बीमच्या आडव्या छेदाच्या) आकाराचं दुखणं वेगळं आहे पण तपासायची रीत तीच, एका जागी बघू नका. आयसोसेंटरला, त्याच्या १० आणि २० सेंटिमीटर अलीकडे आणि पलीकडे, अशा पाच जागी हवेत स्पॉट मोजलेला असतो. ग्राफ काढताना सिग्मा नको, सिग्माचा वर्ग घ्या, कारण मोकळ्या जागेत सिग्माचा वर्ग अंतराबरोबर पॅराबोला होतो आणि त्या पॅराबोलाच्या तीन आकड्यांतूनच सोर्सचा आकार, कोनातला पसारा आणि दोन्हीतला संबंध निघतो. आयसोसेंटरला अगदी बरोबर पण अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांच्या जागी आलेत असं दिसलं तर तुमच्या कोरिलेशनचं, म्हणजे आकार आणि कोन यांच्यातल्या त्या संबंधाचं, चिन्ह उलटं आहे. बीम गोळा होत येतोय की पसरत जातोय हे त्या एका चिन्हावर आहे आणि मोजणाऱ्याचा धन अक्ष नोझलकडे असतो तर आपला बीमच्या दिशेने, त्यामुळे हे चिन्ह जवळजवळ प्रत्येकाचं एकदा तरी चुकतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने या चिन्हापायी पंधरा दिवस घालवले, रोज रात्री कोनाचा पसारा थोडा थोडा बदलून रन लावायचा आणि सकाळी निराश व्हायचा. मी त्याला पाचही ठिपके वहीवर हाताने काढायला सांगितले, मोजलेले निळ्या पेनाने आणि सिम्युलेशनचे लाल. तिसरा ठिपका काढून झाल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "हे तर आरशात बघितल्यासारखं आहे."

दुसरा प्रकार म्हणजे २३० ला स्पॉट जुळतो आणि ७० ला मोठा येतो. पाच जागांवरचा पॅराबोला मागे ओढून तुम्ही नोझलच्या तोंडाशी सोर्स ठरवलात, पण त्या मोजलेल्या आकड्यांमधे हवेतलं स्कॅटरिंग आधीच आलेलं आहे, आणि आता सिम्युलेशनमधे हवा परत एकदा स्कॅटर करते. मोठ्या एनर्जीला हवेचा परिणाम नगण्य म्हणून दिसत नाही, लहान एनर्जीला दिसतो. ७० ते १०० च्या दरम्यान सोर्सचा कोनातला पसारा थोडा कमी करून परत रन करावा लागतो, दोन-तीन फेऱ्यांत बसतं. पसारा देताना रेडियन आणि मिलिरेडियनही बघा, आणि मोजणीच्या कागदावर स्पॉटची पूर्ण रुंदी दिली आहे की सिग्मा हेही.

आणखी एक गोष्ट जी फरक म्हणून दिसत नाही, उलट सगळं फार छान दिसतं. क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरवर) ५० जॉब लावले, सगळ्यांचे निकाल जोडले, अनिश्चितता एकदम कमी. पण सगळ्या जॉबना रँडम सीड (रँडम आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा) एकच दिला गेला असेल, टोपासमधे तुम्ही बदलला नाहीत तर तो १ च राहतो, तर तुम्ही ५० वेगळी गणितं केली नाहीत, एकच गणित ५० वेळा केलं. ओळखायची खूण अशी की दोन जॉबच्या फाइल उघडा आणि कुठल्याही एका बिनचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत बघा, तंतोतंत सारखा असेल तर सीड एकच आहे. आणि वेगळे सीड असूनही पीकजवळ ग्राफ खरबरीत असेल तर लक्षात घ्या की चौपट प्रोटॉन सोडले तरच खरबरीतपणा निम्मा होतो, त्या खरबरीत ग्राफवर आर८० काढून दोन दशांश मिलिमीटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

हे सगळं झालं की मग, शेवटी, एनर्जी हलवा. तेव्हा हलवायचीच असते, कारण मशीनवर लिहिलेले १५० हे कुणी वेगळ्या यंत्राने हजारात एकच्या अचूकतेने मोजलेले नसतात, ते बहुतेक वेळा रेंजवरूनच ठरवलेले असतात. १५० ला १ एमईव्हीने पीक १.९ मिलिमीटर हलतो, ७० ला १ मिलिमीटर, २०० ला २.३, या हिशोबाने प्रत्येक एनर्जीला किती हलवायचं ते काढा. मग लिहिलेली एनर्जी आणि तुम्ही जुळवलेली एनर्जी यांच्यातला फरक सगळ्या एनर्जीसाठी एका ग्राफवर मांडा. तो सावकाश वळणारा हवा, कारण मशीनही तसंच सावकाश बदलतं. मधेच एखादा ठिपका उडी मारत असेल तर तो सिम्युलेशनमधे जबरदस्तीने जुळवू नका.

आमच्याकडे १६०, १७० आणि १८० हे तीन ठिपके असेच एकत्र वर गेले होते, तिन्हींची मोजलेली रेंज साधारण मिलिमीटरभर जास्त. आम्ही दोन दिवस फाइल उलटसुलट केली, मग मोजणीची वही काढली. बीम वरून खाली येत होता, टाकीला वरून झाकण नव्हतं, पहिल्या दिवशी संध्याकाळी उशीर झाला म्हणून तीन एनर्जी दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकल्या होत्या, आणि रात्रभर खोलीत एसी चालू होता. पाणी वाफ होऊन मिलिमीटरभर खाली गेलं होतं, आणि चेंबरचा शून्य मात्र आदल्या दिवशीच्या पातळीवरच होता. पाणी भरून, शून्य परत लावून त्या तिन्ही एनर्जी पुन्हा मोजल्या आणि ठिपके बाकीच्यांच्या ओळीत आले.